चाखणारे आप्पा

आप्पांनी पहिल्याच दिवशी मला केस धुऊन यायला सांगितलं.

मी अन्नतंत्रज्ञान शिकलेली, लातूरच्या एका डेअरीत दोन वर्षं दुधाचे नमुने तपासलेली. नांदेडहून अर्धापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका केळीच्या बागायतदारानं छोटा कारखाना काढला होता. केळीची वाइन आणि मोहाच्या फुलांची दारू, दोन्ही रीतसर परवाना घेऊन. तिथली प्रयोगशाळा सांभाळायला मला बोलावलं होतं. मालकांना सगळे दादा म्हणत. दादा मला आत घेऊन गेले आणि म्हणाले, "आप्पा, ह्या आपल्या नवीन मॅडम."

भिंतीकडं तोंड करून एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

"खोबऱ्याचं तेल. त्यात कापूर टाकलाय."

मी हो म्हणाले. आई टाकते, कोंडा होऊ नये म्हणून.

"धुऊन या. मागं हौद हाय. साबण लावू नका."

मी दादांकडं पाहिलं. दादांनी छताकडं पाहिलं. मी नोकरीचा पहिला तास कारखान्याच्या मागच्या हौदावर केस धुण्यात घालवला, आणि ओल्या केसांनी नेमणुकीच्या कागदावर सही केली.

आप्पा मूळचे देगलूरकडचे. तीसेक वर्षं त्यांनी लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मालाची पारख करायचं काम केलं होतं. तुरीचा दाणा दाताखाली धरून त्यात पाणी किती आहे ते सांगायचे. ज्वारीचं पोतं उघडलं की कुठल्या शिवारातली ते सांगायचे. दादांचे वडील त्यांना तिथंच भेटलेले. कारखाना काढताना दादांना कुणीतरी सांगितलं, यंत्रं आणाल, पण चव बघायला माणूस लागेल. दादा थेट देगलूरला गेले आणि आप्पांना घेऊन आले.

ते दारू पीत नसत. माळकरी वगैरे काही नव्हते. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "पिल्यावर चव कळत न्हाई. मग प्यायची कामून?" घोट तोंडात घ्यायचे, गालात फिरवायचे आणि खिडकीतून बाहेर लिंबाच्या बुंध्याशी थुंकायचे. त्या लिंबाची पानं बाकीच्या झाडांपेक्षा आधी पिवळी पडतात असं वॉचमनचं म्हणणं होतं. मला तसं कधी दिसलं नाही.

चाखायची वेळ सकाळी नऊ ते अकरा. त्याआधी चहा नाही, तंबाखूचा प्रश्नच नाही. सोबत घरून आणलेली ज्वारीची भाकरी, तीही बिनमिठाची. दोन नमुन्यांच्या मध्ये एक तुकडा चावायचा आणि पाणी प्यायचं. दादांनी पुण्याहून खास काचेचे पेले मागवले होते, खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळते. आप्पांनी ते एकदा हातात घेऊन बघितले आणि परत खोक्यात ठेवले. ते स्टीलच्या वाटीत चाखत. मोहाची असली तर आधी तळहातावर चार थेंब घ्यायचे, दोन्ही हात चोळायचे, आणि ओंजळीत नाक घालून डोळे मिटायचे. आधी दारूचा उग्रपणा उडून जातो, मग खाली काय आहे ते वर येतं. ही पद्धत जगभर आहे, मी नंतर वाचलं. आप्पांनी ती कुठं वाचली नव्हती.

कारखाना बघायला येणारे पाहुणे हमखास डोळा मारून विचारत, "पहिल्या धारेची मिळेल का?"

आप्पा शांतपणे सांगत, "पहिल्या धारेनं आम्ही फरशी पुसतो."

ते खरंच होतं. भट्टीतून आधी जे उतरतं ते अंगाला घातक असतं. आम्ही ते बाजूला काढायचो. मधली धार ठेवायची, शेवटची पुन्हा भट्टीत घालायची. पहिली धार कुठं संपते आणि मधली कुठं सुरू होते, हे माझ्याकडच्या मापांनी मला कळायचं. आप्पांना ते अर्धा मिनिट आधी कळायचं. सुरुवातीला याचा मला राग यायचा.

त्यांची एक वही होती. प्रत्येक नमुन्याचं वर्णन ते त्यात लिहीत. पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात. "पावसात भिजून गोठ्यात आलेली देवणी गाय." "एसटीचं मागचं शीट, उन्हाळा." "लग्नघरातली सकाळ, बुंदी पाडून झाल्यावर." बाटलीवरचा मजकूर मी लिहायचे, तेव्हा त्या वहीतून शब्द घ्यावे लागत. गाय आणि एसटी बाटलीवर छापता येत नाही. मी "मातकट", "भाजलेल्या साखरेसारखी" असलं काहीतरी लिहायचे. आप्पा ते वाचायचे आणि वही मिटायचे.

एकदा पुण्याहून एक जाणकार आले, दारूच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून बसणारे. त्यांच्याकडं छापील तक्ता होता. रंगाला इतके गुण, वासाला इतके, घोट गिळल्यावर मागं काय राहतं त्याला इतके. आमच्या केळीच्या वाइनला त्यांनी "लीची" असं लिहिलं.

"लीची काय असती?" आप्पांनी विचारलं.

"फळ आहे. पांढरं, रसाळ."

"कुठं मिळतं?"

"बिहारकडं होतं मुख्य."

"मग इथल्या केळीत कसं आलं ते?"

पाहुणे चांगले होते. हसले, आणि म्हणाले, "तुम्ही सांगा मग." आप्पांनी घोट फिरवला आणि थुंकला. "केळीच्या बागेत पाणी सोडलंय आन् आपण बांधावर बसलोय. ऊन चढायच्या आधी." पाहुण्यांनी पुन्हा पेला नाकाशी नेला. बराच वेळ तिथंच धरला. नंतर त्यांनी लीची खोडली नाही, पण खाली आप्पांचं वाक्यही लिहून घेतलं.

माझ्या घरी मी केळीच्या रसाचा कारखाना असं सांगितलं होतं. वडील निवृत्त गणिताचे मास्तर. घरात कधी कुणी दारूचा वासही घेतलेला नाही. एके दिवशी ते न सांगता लातूरहून आले. मी आत भट्टीजवळ होते. बाहेर आल्यावर बघते तर वडील आणि आप्पा लिंबाखाली बाकावर बसलेले.

"रस कुठं काढतात?" वडील विचारत होते.

"रस आधी असतो मास्तर," आप्पा म्हणाले. "आठ-पंधरा दिसात त्याची दारू हुती. ती पिण्यासारखी हाय का, हे तुमची लेक तपासती. लई बारीक काम हाय."

वडील पाणी प्यायले आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. ते गेल्यावर आप्पा म्हणाले, "घरी काय सांगितलंस ते मला आधी बोलायला पायजे होतं माय. मी आज सुट्टी घेतली असती."

"थोडं सांभाळून घेतलं असतं तर, आप्पा?"

"म्हणून तर सुट्टी म्हणलो."

तीन आठवडे वडील फोनवर आले नाहीत. मग एका रविवारी आईकडून फोन घेतला आणि विचारलं, "ते मिथेनॉल किती असलेलं चालतं?" मी आकडा सांगितला. त्यांनी तो कागदावर लिहून घेतल्याचं मला ऐकू आलं.

आता त्या सहा टाक्यांबद्दल सांगते.

दादा दोन वर्षं पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलाच्या मागं लागले होते. शेवटी हॉटेलवाले तयार झाले. शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडं आमची मोहाची दारू पहिल्यांदा लोकांना द्यायची ठरली. सहा टाक्या तयार होत्या. त्या एकत्र करून बाटल्या भरायच्या होत्या. बुधवारी मी सगळ्या टाक्यांचे नमुने तपासले. सगळे आकडे बसत होते. मी तक्त्यावर सही केली.

गुरुवारी सकाळी पहिल्या दोन टाक्या झाल्यावर आप्पांनी तिसऱ्या टाकीतले चार थेंब हातावर घेतले. चोळले. हात खाली केले, बाहेर जाऊन धुतले, परत येऊन पुन्हा घेतले. मग चौथी, पाचवी, सहावी. पुन्हा पाचवी.

"तीन आणि पाच," ते म्हणाले. "औषध हाय."

आमच्याकडं औषध म्हणजे दवाखान्यातलंही आणि पिकावर फवारायचंही. कुठलं ते विचारायची गरज नव्हती. मी दोन्हींचा वास घेतला. मला मोह आला, थोडा धूर आला, बाकी काही आलं नाही. माझ्याकडच्या तपासणीत फवारणीचं औषध कळत नाही. ती तपासणी बाहेर होते, आणि अहवालाला दहा-बारा दिवस लागतात.

दादा आले. त्यांनीही वास घेतला. "आप्पा, मला काही येत नाही. मॅडमना काही येत नाही. सही झालेली आहे."

"येईल कसं. लई बारीक हाय."

"मग सहा एकत्र केल्यावर तर कुणालाच येणार नाही."

"वास येणार न्हाई," आप्पा म्हणाले. "औषध राहील."

दादा वाईट माणूस नव्हते. पण शनिवार परवावर आला होता आणि दोन टाक्या कमी करून भागणार नव्हतं. त्यांचा आवाज चढला. वय झालं की नाकाला भास होतात, असं काहीतरी ते बोलले. मी तिथंच उभी होते. मी आप्पांच्या बाजूनं बोलले नाही, दादांच्याही नाही. माझ्या डोक्यात फक्त माझी सही होती. ती आता मागं कशी घ्यायची, हा विचार चालला होता.

आप्पा वाद घालत बसले नाहीत. कपाटातून ते पुण्याचे पेले काढले. तीन पेले तिसऱ्या टाकीच्या नळाखाली धरून अर्धे अर्धे भरले. एक दादांपुढं ठेवला, एक माझ्यापुढं, एक स्वतः घेतला.

"मॅडमची सही हाय, म्हणजे चांगली हाय. आपण तिघं पिऊन बघू. मग भरा बाटल्या."

इतक्या वर्षांत त्यांनी एक घोट गिळलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांनी पेला उचलून ओठाला लावला. माझ्या पुढचा पेला मी उचलू शकले नाही. ज्या दारूवर मी सही केली होती ती मी पिणार नव्हते, आणि शनिवारी ती दुसऱ्या कुणाला तरी पाजायला निघाले होते. मी आप्पांचं मनगट धरलं. पेला हिंदकळून थोडी दारू त्यांच्या सदऱ्यावर सांडली.

दादांनी स्वतःच्या पेल्याकडं पाहिलं. मग तो तसाच बेसिनमध्ये ओतला. "शनिवारचं मी बघतो," म्हणाले, आणि फोन घेऊन बाहेर गेले.

मी तक्त्यावरची सही खोडली आणि बाजूला वेळ लिहिली.

मोह कुठून आला ते शोधायचं होतं, कारण तोवर उरलेल्या चार टाक्यांचाही भरवसा नव्हता. फुलं माहूरच्या पलीकडच्या गावांतून यायची आणि प्रत्येक पोत्यावर गावाचं नाव रंगवलेलं असायचं. नोंदवहीत बघितलं तर तिसऱ्या आणि पाचव्या टाकीत एकाच गावची फुलं गेली होती, बाकीच्या चारांत त्या गावचं एकही पोतं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आप्पा माहूरच्या गाडीत बसलो. गाडी देवीला जाणाऱ्या बायकांनी भरलेली. त्यांच्या ओट्यांमधल्या खणा-नारळाच्या वासात आप्पा खिडकीला नाक लावून बसले होते.

त्या गावात फुलं वेचणारी बाई चाळिशीची होती. तिनं आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. उरलेली पोती आतल्या खोलीत होती. आप्पा आत गेले आणि उंबऱ्यातच थांबले. मलाही आता वास आला. भिंतीला खुंटीवर फवारणीचा पंप टांगलेला, खाली औषधाच्या दोन बाटल्या. एकीचं झाकण सैल. जमिनीवर तेलकट डाग, आणि त्या डागाला टेकून पोती.

बाईनं डाग बघितला, मग माझ्याकडं. "घरधन्यानं ठेवलं असंल. मला मालूमच न्हाई बगा. आता आमची फुलं बंद करता का?"

आप्पा म्हणाले, "फुलं चांगली हायत तुमची. खोली बदला."

त्यांनी एकेक पोतं अंगणात आणायला लावलं, उघडायला लावलं, आत खांद्यापर्यंत हात घालून मूठ काढली आणि हुंगली. दोन तास चाललं ते. चार पोती वेगळी निघाली. बाई म्हणाली, निदान बैलांना तरी घालते. आप्पा नाही म्हणाले. खड्डा खणून चारही पोती पुरून होईपर्यंत ते उन्हात उभे राहिले. निघताना तिला म्हणाले, "पुढल्या साली फुलं वाळली की निरोप द्या. मी येतो हुंगायला." आणि ते दरवर्षी गेले.

परतीच्या गाडीत ते स्वतःहून बोलले. खिडकीबाहेर बघत, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

"आडतीवर असताना एकदा ज्वारीच्या पोत्याला असाच वास आला. गोळ्या ठेवल्या असतील किडीसाठी, जास्ती. शेठजी म्हणले, आप्पा, गप ऱ्हा, माल उद्या जाणार हाय. मी गप ऱ्हायलो. खाली सांडलेली ज्वारी एका हमालानं घरी न्यायला मागितली. मला इचारलं त्यानं. आप्पा, चांगली हाय ना? हाव म्हणलो. शेठजी समोर हुते."

"मग?"

"त्याची बायको पोटुशी हुती. बाई वाचली. पोटातलं न्हाई वाचलं." मग म्हणाले, "त्याला अजून वाटतं, नशीब. मी सांगितलं न्हाई त्याला. आडत सोडली."



दादांनी हॉटेलवाल्यांकडून पंधरा दिवस मागून घेतले. ते चिडले, पण दिले. दोन टाक्या उत्पादन शुल्क खात्याच्या माणसासमोर ओतून दिल्या. मी नमुने आधीच बाहेर पाठवले होते. अहवाल आला तेव्हा तिसऱ्या टाकीत औषधातल्या तेलाचा अंश सापडला होता. पाचवी साफ होती.

आप्पांनी मला अहवाल दोनदा वाचायला लावला. मग वही काढून लिहिलं, "पाचवी टाकी चांगली होती. माझी चूक." आणि वही दादांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"जाऊ द्या हो आप्पा," दादा म्हणाले. "तुमच्यामुळं वाचलो."

"वाचलो ते वायलं. एक टाकी मी उगंच सांडली."

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी स्वतःची परीक्षा सुरू केली. वय सत्तरीपुढं गेलं होतं. महिन्यातून एकदा मी दहा वाट्या मांडायच्या. काही चांगल्या, काहींत मुद्दाम थोडं बिघडवलेलं. कुठली कशी ते फक्त मला माहीत. ते भिंतीकडं तोंड करून बसायचे, एकेक वाटी घ्यायचे आणि सांगायचे. आधी दहापैकी दहा. वर्षभर दहा. मग एकदा नऊ. मग पुन्हा दहा.

गेल्या पावसाळ्यात ते चार वाट्या चुकले. आठवी वाटी तर व्हिनेगरची होती. कुणालाही कळली असती. ती त्यांनी चांगली म्हणून बाजूला ठेवली. त्यांना आधी सर्दी झाली होती. मी मनाशी म्हटलं, सर्दीच आहे.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दहा," मी म्हणाले.

ते खुर्चीत वळले. आठव्या वाटीकडं बघितलं. ती उचलली आणि वॉचमनला हाक मारली. वॉचमननं वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शिरका हाय की आप्पा."

वॉचमन गेल्यावर त्यांनी ती वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "नाक गेलं तर गेलं माय. त्याचं वय झालं. पण तू हाव म्हणलीस."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, आप्पा."

"शेठजी समोर हुते म्हणून मी बी म्हणलो हुतो."

त्यांनी त्यांची वाटी धुतली, पुसली, पिशवीत टाकली. दादांना सांगून आले. संध्याकाळच्या देगलूर गाडीनं गेले. दादांनी दोनदा फोन केला. आप्पा नीट बोलले, तब्येत विचारली, येतो मात्र म्हणाले नाहीत.

मला जायला दोन महिने लागले. एका रविवारी मी देगलूरला उतरले. घर गावाबाहेर, अंगणात तुरीच्या शेंगा वाळत टाकलेल्या. आप्पा खाटेवर बसले होते. सुनेनं पाणी आणलं. मी माफी मागायचं ठरवून गेले होते, पण त्यांनीच विचारलं, "चाखतं कोण आता?"

"मी."

"सकाळी?"

"नऊ ते अकरा."

"आन् तुझी परीक्षा कोण घेतं?"

मी म्हटलं, कुणी नाही.

त्यांनी सुनेला हाक मारली आणि दहा वाट्या मागवल्या. तिच्याशी आत जाऊन बराच वेळ काहीतरी करत राहिले. रॉकेलची बाटली, चिंच, सोडा, असं काय काय मागितल्याचं ऐकू आलं. मग वाट्यांचं ताट माझ्यापुढं आलं. सगळ्यांत पाणी, दिसायला सारखं. मी भिंतीकडं तोंड करून बसले. एकेक वाटी घेतली. वेळ घेतला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

शेवटची वाटी ठेवून मी वळले.

"आठ," आप्पा म्हणाले. "चौथी चुकली आन् नववी चुकली. चौथीत सोडा हुता, नववीत काहीच नव्हतं."

"बरं," मी म्हणाले.

"पुढल्या महिन्यात ये," असं म्हणून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं.